पोखरा ते जोमसोम: धुके आणि वारा यांच्या मधल्या वेळेत

नेपाळमधल्या मुक्तिनाथला जायचे घरात ठरले, तेव्हा दर्शनाचा विचार बाजूलाच राहिला आणि पोखऱ्याहून जोमसोमला कसे जायचे हा प्रश्न पुढे आला. ही गोष्ट 2018 ची. पोखऱ्याहून जोमसोमपर्यंतचा रस्ता सुमारे 160 किलोमीटरचा असला, तरी वाटेतल्या बेनी गावाच्या पुढे तो नावापुरताच रस्ता होता. दरडी, ओढे आणि धूळ यांतून जीपला सबंध दिवस लागे, आणि पाऊस झालेला असेल तर दिवसही पुरत नसे. आईने सत्तरी ओलांडलेली, एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. मावशी तिच्यापेक्षा थोडी लहान, पण पाठीचे दुखणे जुने. त्यामुळे जीपचा विचार सोडून आम्ही विमानाचा पर्याय घेतला, कारण तेच अंतर विमान वीस-पंचवीस मिनिटांत कापते.

पुण्यातल्या एका यात्रा आयोजकाने आम्हाला जो कार्यक्रम दिला होता, तो कागदावर अतिशय सुटसुटीत होता. सकाळी जोमसोमचे विमान, दुपारी मुक्तिनाथचे दर्शन, दुसऱ्या सकाळी परत पोखरा, त्याच दुपारी काठमांडू आणि तिसऱ्या दिवशी मुंबई. त्यात एकही दिवस मोकळा नव्हता. नेपाळच्या विमानवाहतुकीविषयी मी थोडेफार वाचले होते, आणि त्या वाचनाच्या आधारावर मी तो कार्यक्रम नाकारला. सगळी आखणी आम्ही स्वतः केली, पोखऱ्यात दोन दिवस रिकामे ठेवले आणि मुंबईचे परतीचे विमानही लांबवले. तो निर्णय का योग्य होता हे समजण्यासाठी त्या देशातली विमाने कशी उडतात, हे आधी पाहावे लागेल.

नेपाळमध्ये रस्त्यांच्या आधी विमान पोहोचले, असे अनेक जिल्ह्यांच्या बाबतीत अक्षरशः खरे आहे. काठमांडूच्या गौचर या मोकळ्या कुरणावर पहिले विमान 1949 मध्ये उतरले आणि त्यातून भारताचे राजदूत सुरजितसिंग मजिठिया आले होते. 1950 मध्ये त्याच गौचरहून कोलकात्याला डाकोटा विमानाचे पहिले चार्टर उड्डाण झाले, आणि 1958 मध्ये सरकारी रॉयल नेपाल एअरलाइन्सची स्थापना झाली. परंतु डाकोटा हे तराईतल्या, म्हणजे दक्षिणेकडच्या मैदानी पट्ट्यातल्या, सपाट धावपट्ट्यांचे विमान होते. डोंगरातल्या तुटपुंज्या जागेवर उतरणे हे त्याचे काम नव्हते. 1971 पासून कॅनडाची ट्विन ऑटर विमाने आली आणि मग डोंगराच्या उतारावर, नदीच्या काठावर, जिथे काही शे मीटर जागा मिळेल तिथे धावपट्ट्या उपयोगात येऊ लागल्या. लुक्लाची धावपट्टी एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने 1964 मध्येच झाली होती. ती आजही केवळ 527 मीटर लांब आहे आणि तिला सुमारे 12 टक्के चढ आहे.

1992 मध्ये खासगी कंपन्यांना आकाश खुले झाले. यती एअरलाइन्स 1998 मध्ये उभी राहिली ती ट्विन ऑटरच्याच बळावर. पुढे शहरांमधल्या मार्गांसाठी तिच्याकडे जेटस्ट्रीम 41 ही मोठी विमाने आली, आणि शहर व डोंगर ही दोन कामे एकाच कंपनीत ठेवणे अवघड होऊ लागले. म्हणून 2009 मध्ये डोंगराळ मार्गांसाठी तारा एअर ही वेगळी कंपनी काढण्यात आली आणि ट्विन ऑटर व डॉर्नियर विमाने तिच्याकडे गेली. आम्ही जोमसोमला गेलो ते या ताराच्या विमानाने.

पर्यटकाला तारा म्हटले की लुक्ला आणि जोमसोम आठवतात. पण या कंपनीचे खरे मोल मला पश्चिम नेपाळच्या नकाशात दिसते. नेपालगंजहून ही विमाने हुमला जिल्ह्यातल्या सिमिकोटला, डोल्पातल्या जुफालला, रारा सरोवराजवळच्या ताल्चाला जातात. तिकडे माणसांबरोबर तांदूळ, मीठ, औषधे जातात आणि परतताना आजारी माणसे, बाळंतिणी, शिकायला निघालेली मुले येतात. ज्या गावाला बारमाही रस्ता नाही, त्या गावासाठी हे एकोणीस आसनांचे विमान म्हणजे एसटी, मालमोटार आणि रुग्णवाहिका एकाच वेळी असते. म्हणूनच तिकिटाचे दरही प्रवाशाच्या नागरिकत्वावरून ठरतात. नेपाळी नागरिकांना सर्वांत कमी दर, भारतीयांना वेगळा आणि इतर परदेशी प्रवाशांना त्याहून जास्त, तोही डॉलरमध्ये. आमच्याबरोबर रांगेत असलेल्या एका यात्रेकरूला हा भेदभाव वाटला. मला तो वाजवी वाटतो. ज्यांच्यासाठी हा प्रवास गरज आहे आणि ज्यांच्यासाठी ती सहल आहे, त्यांना एकाच मापाने मोजण्याचे कारण नाही.

पोखऱ्यात तिकिटे आम्ही स्थानिक एजंटाकडून काढली. तिकिटावर नागरिकत्व भारतीय असे लिहिलेले असल्याने पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र बरोबर असणे आवश्यक असते. जोमसोम आणि मुक्तिनाथ हा भाग अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्रात येतो, त्यामुळे त्याचा परवाना वेगळा घ्यावा लागतो आणि सार्क देशांच्या नागरिकांसाठी त्याचे शुल्क इतर परदेशी प्रवाशांपेक्षा कमी आहे. पासपोर्टच्या आकाराची छायाचित्रे जवळ असली की हे काम फारसा वेळ न घेता होते. एजंटाने आम्हाला एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा बजावली: सामान कमीत कमी घ्या, आणि होईल तितके पहिले विमान मागा.

पहिल्या विमानाचे महत्त्व आम्हाला दुसऱ्याच दिवशी कळले, कारण आम्हाला ते मिळाले नव्हते. दिवाळी नुकतीच झाली होती, यात्रेकरूंची गर्दी होती, आणि आमचे तिकीट त्या सकाळच्या तिसऱ्या फेरीचे होते. पोखऱ्याचे जुने विमानतळ तेव्हा वापरात होते. उजाडण्यापूर्वीच आम्ही तिथे पोहोचलो. आमच्या पिशव्या काट्यावर ठेवल्या गेल्या, हातातल्या पर्सही त्याच काट्यावर गेल्या, आणि आकडे हातानेच एका कागदावर उतरवून घेतले गेले. ट्विन ऑटरसारख्या विमानात प्रत्येक किलोचा हिशेब असतो. किती इंधन, किती माणसे आणि किती सामान हे उतरण्याच्या ठिकाणची उंची, तापमान आणि वारा पाहून ठरते. उंचावरच्या विरळ हवेत पंखांना आणि इंजिनांना आधार कमी मिळतो, म्हणून पोखऱ्याच्या सुमारे 800 मीटर उंचीवर जे वजन सहज उचलले जाते, ते जोमसोमच्या 2,700 मीटरवर उचलले जाईलच असे नाही.

सूर्य वर आला, पण धावपट्टीचे दुसरे टोक दिसेना. हिवाळ्याच्या तोंडावर पोखऱ्याच्या खोऱ्यात फेवा तलावाच्या बाजूने सकाळी धुके साचते, आणि ही उड्डाणे वैमानिकाच्या नजरेवर चालत असल्याने ते विरळ होईपर्यंत कोणतेही विमान हलत नाही. तिकडे जोमसोमला त्याच वेळी आकाश लख्ख होते आणि वारा शांत होता. म्हणजे जिथे उतरायचे तिथे सगळे अनुकूल होते आणि जिथून निघायचे तिथे काहीच दिसत नव्हते. आठ वाजून गेल्यावर धुके विरले आणि पहिले विमान निघाले. तेच विमान जोमसोमला जाऊन, तिथले प्रवासी घेऊन परत येणार, मग दुसरी फेरी करणार, आणि त्यानंतर आमचा क्रम. पहिल्या फेरीला झालेला उशीर पुढच्या प्रत्येक फेरीच्या माथी जातो, हे गणित प्रतीक्षाकक्षात बसल्या बसल्या माझ्या मनात आपोआप मांडले जात होते.

दुसरी फेरी परत आली तेव्हा पोखऱ्याचे आकाश निळेशार झाले होते आणि माछापुच्छ्रेचे शिखर अगदी जवळ आल्यासारखे दिसत होते. आमची नावे पुकारली जातील म्हणून सगळे उभे राहिले. तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीने सांगितले की आजची जोमसोमची उड्डाणे संपली. मावशी तिच्याजवळ गेली आणि तिने आपल्या हिंदीत विचारले, की आकाश तर इतके स्वच्छ आहे, मग अडले कुठे? ती मुलगी शांतपणे म्हणाली, "आमा, यहाँ सब ठीक है। उधर हवा चल गई है।"

हा वारा म्हणजे काय, हे समजल्याशिवाय जोमसोमच्या विमानाचे वेळापत्रक समजत नाही. जोमसोम काली गंडकीच्या खोऱ्यात आहे. या खोऱ्याच्या एका बाजूला 8,167 मीटरचा धौलागिरी आणि दुसऱ्या बाजूला 8,091 मीटरचा अन्नपूर्णा, आणि त्यांच्या मधून नदीने कापलेली ही अरुंद वाट उत्तरेला मुस्तांगच्या आणि तिबेटच्या पठाराकडे उघडते. सकाळचे ऊन चढले की ते उघडे-बोडके पठार तापते, तिथली हवा वर उठते आणि तिची जागा घ्यायला दक्षिणेकडची थंड हवा या एकाच फटीतून वर धावते. दहा-अकराच्या सुमारास सुरू झालेला हा वारा दुपारी ताशी 60-70 किलोमीटरपर्यंत पोहोचतो आणि संध्याकाळपर्यंत थांबत नाही. त्यात वादळाचा काही भाग नसतो. आकाश निळेच राहते. ऊन असलेल्या जवळपास प्रत्येक दिवशी तो येतो. म्हणून जोमसोमची विमाने फक्त सकाळी उडतात, आणि त्या दिवशी आमच्या वाट्याला आलेला वेळ म्हणजे पोखऱ्याचे धुके उठण्यापासून जोमसोमचा वारा सुटण्यापर्यंतचा, जेमतेम दोन तासांचा.

प्रतीक्षाकक्षात त्या दिवशी बरीच आदळआपट झाली. एका मोठ्या गटाचे त्याच रात्री पोखरा सोडायचे ठरलेले होते, त्यांची काठमांडूची आणि दिल्लीची तिकिटे काढलेली होती, आणि त्यांच्यातले काही जण "एक फेरी तरी करा" म्हणून कर्मचाऱ्यांच्या अंगावर जात होते. त्यांचे नुकसान खरे होते आणि त्यांची हळहळही खरी होती. पण मी त्या क्षणी त्या मुलीच्या बाजूने होते आणि आजही आहे. 2012 च्या मे महिन्यात जोमसोमला उतरू पाहणारे अग्नी एअरचे डॉर्नियर विमान डोंगरावर आदळले आणि पंधरा माणसे गेली. त्यांत मुंबईची बालकलाकार तरुणी सचदेव होती. 2016 च्या फेब्रुवारीत याच मार्गावर ताराचे ट्विन ऑटर म्याग्दी जिल्ह्यात कोसळून सगळे 23 जण गेले. ते विमान जुने नव्हते. कंपनीने काही महिन्यांपूर्वीच घेतलेले नवे विमान होते. नजरेवर चालवायचे उड्डाण ढगात शिरले, हे त्या अपघाताचे मूळ चौकशीत पुढे आले. हे ज्याने वाचले आहे, त्याला रद्द झालेले विमान ही कंपनीची हलगर्जी वाटणार नाही. डोंगरातल्या विमानकंपनीचे सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी दाद मिळणारे काम म्हणजे भरलेल्या प्रतीक्षाकक्षासमोर उभे राहून नाही म्हणणे.

रद्द झालेल्या फेरीच्या प्रवाशांपुढे दोन पर्याय ठेवण्यात आले: पैसे परत घ्या किंवा पुढच्या दिवशी जागा मिळेल तसे जा. यात एक अडचण आहे, ती आधी माहीत असावी. दुसऱ्या दिवशीच्या विमानांची तिकिटे आधीच विकली गेलेली असतात, त्यामुळे आदल्या दिवशी अडकलेल्यांना जागा मिळते ती उरलेल्या आसनांवर किंवा जादा फेरीत. त्या मोठ्या गटाने पैसे घेतले आणि मुक्तिनाथ न पाहताच ते परत गेले. आम्हाला मोकळे दिवस होते. एजंटाने संध्याकाळी निरोप दिला की सकाळच्या पहिल्या फेरीत तीन जागा झाल्या आहेत.

त्या सकाळी धुके नव्हते. हवाईसुंदरीने विमानात शिरताच एका ताटलीतून कापूस आणि गोळ्या पुढे केल्या. कापूस कानांत घालण्यासाठी आणि गोळी चघळण्यासाठी, कारण ट्विन ऑटरमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नसते आणि इंजिनांचा आवाज थेट आत येतो. आईने कापूस नीट दोन भागांत फाडून एक मावशीला दिला. वैमानिकांच्या आणि आमच्या मध्ये दार नव्हते. समोरच्या काचेतून जे त्यांना दिसत होते, तेच पहिल्या रांगेतल्या आम्हालाही दिसत होते, आणि वैमानिकाचा हात वरच्या बाजूच्या दोन दांड्यांवर कसा सरकतो हेही दिसत होते. मोठ्या विमानातला प्रवासी उड्डाणापासून वेगळा ठेवलेला असतो. इथे तसे नाही, आणि त्यामुळे ही माणसे किती बारकाईने, किती वेळा बाहेर पाहतात हे लक्षात येते.

उजव्या खिडकीत माछापुच्छ्रे आणि अन्नपूर्णेची रांग उगवत्या उन्हात होती. विमान पश्चिमेकडे चढत घोडेपानीच्या खिंडीवरून गेले, तेव्हा खालची झाडे आणि घरांची पत्र्याची छपरे स्पष्ट ओळखू येत होती. ही विमाने हिमशिखरांच्या वरून जात नाहीत. दोन्ही बाजूंना विमानापेक्षा उंच डोंगर ठेवून ती खोऱ्यातून वाट काढतात. खिंड ओलांडल्यावर विमान उत्तरेकडे वळले, खाली काली गंडकीची पांढरी रेघ आली, डाव्या हाताला धौलागिरीचा कडा आणि उजवीकडे निलगिरीचे हिमशिखर. हिरवळ संपली, पाईनची झाडे विरळ झाली आणि नदीचे करडे, रुंद पात्र उघडे पडले. ढग आला तर इथे वळायला किती कमी जागा आहे, हे नकाशावर कळले नव्हते ते तिथे कळले. जोमसोमची धावपट्टी साधारण 740 मीटर आहे, म्हणजे मुंबईच्या मुख्य धावपट्टीच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. चाके टेकली, पंख्यांचा आवाज बदलला, आणि धावपट्टी संपण्याच्या बरेच आधी विमान थांबले.

वीस-पंचवीस मिनिटांत सुमारे 1,900 मीटर उंची वाढते, ही गोष्ट वयस्क यात्रेकरूंनी गांभीर्याने घ्यावी. मुक्तिनाथ तर 3,700 मीटरहून उंच आहे. विमानातून उतरून तसेच जीपने वर जाणारे पुष्कळ असतात. आम्ही तसे केले नाही. डॉक्टरांनी निघण्यापूर्वीच सांगितल्याप्रमाणे तो दिवस जोमसोमलाच काढला आणि दर्शन दुसऱ्या दिवशी घेतले. 108 धारांखाली आईने हात धरून घेऊन दोन-चार पावले टाकली, मावशीने सगळ्या धारांचे पाणी डोक्यावर घेतले. त्याविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण तो वेगळा विषय.

जोमसोमच्या त्या रिकाम्या दुपारी मात्र मी धावपट्टीच्या कुंपणापाशी जाऊन उभी राहिले. आकाशात एकही ढग नव्हता. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी आडवी, ताठ झाली होती, आणि नदीच्या पात्रातली वाळू उडून गालांवर सुयांसारखी टोचत होती. डोळे उघडे ठेवणे कठीण, नीट उभे राहणेही कठीण. आदल्या दिवशी जे लोक "एक फेरी तरी करा" म्हणत होते, त्यांना इथे दोन मिनिटे उभे करता आले असते तर वादच उरला नसता.

परतीचे विमान वेळेवर मिळाले.

पुढे 29 मे 2022 रोजी पोखऱ्याहून जोमसोमला निघालेले ताराचे ट्विन ऑटर बेपत्ता झाले आणि दुसऱ्या दिवशी मुस्तांगमधल्या थासाङ भागात त्याचे अवशेष सापडले. विमानातले सर्व 22 जण गेले. त्यांत ठाण्याचे एक चौघांचे कुटुंब होते. ती बातमी आमच्याकडे सगळ्यांनीच सुन्न होऊन वाचली, कारण ती वाट आम्ही पाहिली होती. चौकशीत पुन्हा तेच आले: नजरेवर चालणारे उड्डाण ढगाळ हवेत सापडले आणि योग्य मार्ग राखला गेला नाही. या अपघातानंतर नेपाळच्या नागरी विमानवाहतूक प्राधिकरणाने नियम कडक केला. निघण्याच्या आणि उतरण्याच्या ठिकाणची हवा चांगली असणे आता पुरेसे नाही, तर मधल्या संपूर्ण मार्गावरचे हवामान अनुकूल असेल तरच अशा उड्डाणाला परवानगी द्यायची असे ठरले. हा नियम आधीच असायला हवा होता, असे मला मनापासून वाटते. त्यानंतर जानेवारी 2023 मध्ये यतीचे एटीआर 72 पोखऱ्याला उतरताना कोसळले आणि 72 जण गेले, ते मात्र स्वच्छ हवेत. उतरताना पंखांचा आधार वाढवणाऱ्या फ्लॅपच्या दांडीऐवजी पंख्यांची शक्ती काढून घेणाऱ्या दांड्या ओढल्या गेल्या होत्या. नेपाळच्या विमानकंपन्यांना युरोपीय संघाने डिसेंबर 2013 पासून आपल्या आकाशात बंदी घातली, ती याच सुरक्षेच्या प्रश्नामुळे. ही सगळी माहिती ठेवूनच तिकीट काढावे. ती लपवून कोणाला मुक्तिनाथला पाठवणे योग्य नाही.

ओळखीतले कोणी या यात्रेची चौकशी करतात तेव्हा मी त्यांना तारखांपासून सुरुवात करायला सांगते. पोखऱ्यात जातानाचे दोन आणि येतानाचा निदान एक दिवस मोकळा असावा, मुंबईचे विमान त्याच्याही पुढचे असावे, आणि विमान झालेच नाही तर जीपने जायची किंवा परत फिरायची तयारी घरूनच करून निघावे. मेच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत, पावसाच्या ढगांत, या मार्गाचा विचार करू नये. आणि आयोजकाने दिलेल्या कार्यक्रमात असा एकही मोकळा दिवस नसेल, तर पैसे भरण्यापूर्वी त्याला एवढेच विचारावे: जोमसोमचे विमान रद्द झाले तर आमचे पुढचे तिकीट कोण बदलून देणार?